सुखोईच्या वाटेखालचं घर

धानोरीत, म्हणजे लोहगावच्या हवाई दलाच्या तळाजवळ, राहतो म्हटलं की पुण्यातल्या बाकीच्या भागातले लोक पहिला प्रश्न ठरलेला विचारतात, अरे तिकडे विमानांचा आवाज केवढा असतो, झोप कशी लागते? झोप लागते. खरा प्रश्न झोपेचा नाहीच, कारण आमच्याकडे फायटर विमानं बहुतेक वेळा कामाच्या दिवशी दिवसाउजेडीच उडतात, नाईट फ्लाइंग असेल तेव्हा रात्री थोडा वेळ, आणि मग शांत. प्रश्न आहे तो जागेपणीचा, म्हणजे तुम्ही काहीतरी सांगताय, शिकवताय, बाळाला झोपवताय आणि मधेच आभाळ फाटल्यासारखा आवाज येतो, त्या वेळेचा.

प्रवासी विमानाचा आवाज येताना कळतो, हळूहळू वाढतो आणि निघून जातो, त्याकडे आता कोणी लक्षपण देत नाही. सुखोई या लढाऊ विमानाचं तसं नाही, ते थेट छातीत जाणवतं. ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या खडखडतात, पार्किंगमधल्या एखाद्या गाडीचा अलार्म वाजायला लागतो, फोनवर बोलणारा माणूस वाक्य अर्ध्यात सोडून गप्प उभा राहतो. आणि पहिलं विमान गेलं की इथला मुरलेला माणूस लगेच बोलायला सुरुवात करत नाही, कारण मागोमाग दुसरं असतंच, जोडीने उडतात ती. नवीन राहायला आलेले लोक पहिल्यानंतर बोलायला लागतात आणि दुसऱ्यात त्यांचं वाक्य परत वाहून जातं. जवळच्या एका शाळेतल्या मॅडम सांगत होत्या की त्या खडू फळ्यावर टेकवून तशाच थांबतात, वर्गातली पोरंही थांबतात, दोन्ही विमानं गेली की ज्या शब्दावर थांबल्या तिथून पुढे सुरू. त्यांनी हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, पण दिवसभरात असं किती वेळा होतं म्हटल्यावर त्या नुसत्या हसल्या.

आवाज एवढा का, याचं उत्तर गच्चीवरून दिसतं, विशेषतः रात्री. सुखोई-३० एमकेआयला (हा भारतासाठीचा सुखोईचा प्रकार) दोन इंजिनं, आणि टेकऑफला आफ्टरबर्नर लावतात. म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या आधीच तापलेल्या वायूत परत इंधन फवारून ते पेटवायचं, त्याने प्रत्येक इंजिनाचा जोर साधारण साडेबारा टनांपर्यंत जातो. पूर्ण भरलेलं विमान ३८ टनांच्या वर भरतं आणि लोहगावची धावपट्टी अडीच किलोमीटरची, तेव्हा एवढा जोर लागणारच. रात्री बघितलं तर मागे दोन ज्वाळा दिसतात, आतून निळसर आणि बाहेरून केशरी, आणि विमान स्वतः दिसतच नाही, त्या दोन ज्वाळाच तेवढ्या वर चढत जातात. दिवसा आवाजाच्या दिशेने मान वर केली तर तिथे काही नसतं, विमान कधीच पुढे गेलेलं असतं, आवाज मागून येतो.

आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर एक काका आहेत, एअरफोर्समधून ग्राउंड स्टाफला रिटायर झालेले. त्यांच्यामुळे मला बरंच कळलं. विमान वाऱ्याला सामोरं उडतं, धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे, त्यामुळे पश्चिमेचा वारा असला, म्हणजे उन्हाळा-पावसाळ्यात, की उड्डाण टिंगरेनगर, विश्रांतवाडी, कळस या बाजूने होतं आणि आमच्याकडे जास्त आवाज, आणि थंडीत वारा फिरला की वाघोलीच्या बाजूला जास्त. काका सकाळी गॅलरीत येऊन झाडाच्या पानांकडे बघतात आणि सांगतात आज कुणीकडून जाणार. अजून एक त्यांनी सांगितलेलं, परत येताना विमानं रांगेत धावपट्टीवरूनच सरळ जातात आणि मग एकेक करून झोकात वळण घेऊन उतरायला येतात. मला आधी वाटायचं ते काहीतरी कसरत करतायत, ती उतरायचीच पद्धत आहे. आणि सोसायटीच्या ग्रुपवर मोठा आवाज झाला की कोणीतरी "सॉनिक बूम" म्हणून टाकतं, ते नसतं ते. बूम वेगळा, विमान ध्वनीच्या वेगाच्या पुढे गेलं की होणारा एकच धडाका, बंगळुरूला मे २०२० मध्ये सगळ्या शहराने ऐकला होता आणि नंतर संरक्षण खात्याने चाचणी उड्डाण होतं असं सांगितलं. आपल्याकडे शहरावरून जाताना विमानाचा वेग ध्वनीपेक्षा कमीच असतो.

आता "एअरफोर्सने इथून जावं" म्हणणारे लोक भेटतात, त्यांच्याशी माझं कधीच पटत नाही. हा तळ १९३९ चा आहे. ब्रिटिशांनी मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी बांधला, तेव्हा आजूबाजूला शेतं आणि वाड्या-वस्त्या होत्या, लोहगाव म्हणजे तुकोबांचं आजोळ, त्यांच्या कीर्तनाचं गाव. स्वातंत्र्यानंतर तळ आपल्या हवाई दलाकडे आला, १९९७ मध्ये देशातली पहिली सुखोई इथेच आली आणि सप्टेंबर २००२ मध्ये एमकेआय पण इथूनच सुरू झाली. पुण्याचं विमानतळ म्हणतो आपण, पण धावपट्टी हवाई दलाची आहे, प्रवासी विमानं तिथे त्यांच्या परवानगीने उतरतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांनी धावपट्टीच्या कामासाठी चौदा दिवस बंद ठेवली तर पुण्यातून एकही प्रवासी विमान उडालं नाही. शहर तळाकडे चालत गेलंय, तळ शहरात आलेला नाही.

पण याचा अर्थ इथे राहणाऱ्याने गप्प बसावं असाही नाही. आमच्या बिल्डरने आम्हाला फ्लॅट दाखवला तो रविवारी. रविवारी सहसा फायटर उडत नाहीत. सेल्स ऑफिसमध्ये गार्डन, क्लब हाऊस, एअरपोर्टपासून किती मिनिटं हे सगळं सांगितलं, पण डोक्यावरून लढाऊ विमानं जातात याबद्दल एक शब्द नाही, आणि खिडक्यांना साध्या एकेरी काचा. सोमवारी दाखवला असता तरी मी घेतलाच असता, पण शेजारच्या ताईंनी घेतला नसता, त्यांचे सासरे हार्टपेशंट आहेत आणि पहिले काही महिने ते प्रत्येक आवाजाला दचकायचे. आपल्या नियमात निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे, ती फायटरला लावता येणार नाही हे मलाही कळतं, पण मग निदान घर विकताना कागदावर लिहून द्या, शाळा आणि दवाखान्यांच्या खिडक्यांना दुहेरी काचा सक्तीच्या करा. हे काही देशाविरुद्ध बोलणं नाही हो. एवढं मागितलं की ग्रुपवर लगेच कोणीतरी म्हणतं, सैनिक सीमेवर उभे आहेत आणि तुम्हाला आवाजाचा त्रास. सैनिकांबद्दल मला काही शिकवायची गरज नाही, मी रोज त्यांच्याखाली राहतो.

अभिमान आहेच. नोव्हेंबर २००९ मध्ये प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती असताना वयाच्या ७४ व्या वर्षी लोहगावहूनच सुखोईत बसल्या, त्याआधी २००६ मध्ये कलामसाहेब. आमची आजी अजून सांगते की जळगावची बाई साडी नेसणारी, तिने जी-सूट, म्हणजे वैमानिकांचा खास पोशाख, घातला आणि वर गेली. आणि मे २०२५ मध्ये, ऑपरेशन सिंदूरच्या त्या चार दिवसांत, आवाज झाला की इथे लोक घरातून बाहेर येऊन वर बघायचे. एरवी "च्यायला परत" म्हणणारी पोरंपण गप्प उभी असायची. कुठे जातायत, सरावाला की खरंच, काही कळायचं नाही, आणि कळूही नये. त्यातल्याच एका रात्री माझ्या बायकोने गॅलरीत उभं राहून हात जोडले.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, २१ जुलैला, ढाक्यात बांगलादेश हवाई दलाचं एफ-७ हे लढाऊ विमान सरावादरम्यान उत्तरा भागातल्या माइलस्टोन शाळेवर कोसळलं. तीसच्या वर माणसं गेली, बहुतेक लहान मुलं. ती बातमी वाचल्यावर बरेच दिवस सुखोई गेलं की माझी नजर आधी विमानाकडे न जाता शाळेच्या गच्चीकडे जायची. आपल्याकडे पण विमानं पडली आहेत, ऑक्टोबर २०१४ मध्ये लोहगावचंच सुखोई थेऊरजवळ शेतात, जून २०२४ मध्ये निफाड तालुक्यात शिरसगावला, दोन्ही वेळा वैमानिक इजेक्ट होऊन, म्हणजे सीटसकट बाहेर फेकले जाऊन, वाचले आणि खाली कोणाचा जीव गेला नाही. खाली शेत होतं म्हणून. धानोरीत, टिंगरेनगरमध्ये आता शेत उरलेलं नाही, बिल्डिंगला बिल्डिंग लागून आहे.

आणि म्हणूनच मला या सगळ्यात सर्वात जास्त राग कशाचा येत असेल तर कचऱ्याचा. खरंच. काकांनी एकदा दुपारी मला गच्चीवर नेऊन घारी दाखवल्या. रस्त्याच्या कडेला, नाल्यापाशी, जिथे मटणाच्या-चिकनच्या दुकानांचं राहिलेलं आणि हॉटेलांचं उरलेलं टाकतात, बरोबर त्याच्यावर वीस-पंचवीस घारी गोल फिरत होत्या, ऊन तापलं की त्या आणखी वर चढतात, आणि थोड्या अंतरावर सुखोईची वाट. पाऊण किलोची घार. विमान टेकऑफला ताशी अडीचशे किलोमीटरच्या वर पळत असतं, इंजिनाचं तोंड उघडं, टाक्या इंधनाने भरलेल्या, आणि उंची इतकी कमी की वैमानिकाला विचार करायला काही सेकंद. ती घार आत गेली तर काय होईल हे काकांनी सांगितलं नाही, नुसतं खाली वस्तीकडे बोट केलं. विमानतळाच्या दहा किलोमीटरच्या आत असा कचरा टाकायला, जनावरं कापून घाण टाकायला कायद्याने बंदी आहे, हवाई दल कितीदा पत्रं लिहितं, बातम्या येतात, दोन दिवस ट्रक येऊन उचलून नेतो, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे कोणीतरी स्कूटरवरून येतो, पिशवी भिरकावतो आणि निघून जातो.

तसंच लेझरचं. लग्नाच्या वरातीत, मंडळांच्या मिरवणुकीत ते हिरवे झोत आभाळात सोडतात, पोलिसांचे बंदीचे आदेश असतात तरी. उतरणाऱ्या वैमानिकाच्या डोळ्यावर तो झोत गेला तर काही क्षण त्याला धावपट्टीच दिसत नाही. ज्या पोरांच्या गाड्यांवर तिरंगा आणि सुखोईचे स्टिकर आहेत तीच पोरं हे करतात, त्यांना कोणी समजावून सांगितलेलंच नाही. आमच्या मंडळाला काकांनीच येऊन सांगितलं, शांतपणे, दहा मिनिटं, आणि त्यावर्षी लेझर लावलं नाही. पुढच्या वर्षी परत विषय निघाला पण पोरांनीच नको म्हटलं.

सोसायटीत आम्ही आता ओला कचरा आतच जिरवतो, गच्चीवर कबुतरांना दाणे टाकणं बंद केलंय (यावरून दोन काकूंशी बरंच वाजलं, अजून एक बोलत नाही), आणि नाल्यापाशी पिशव्या दिसल्या की फोटो काढून ठिकाणासकट तक्रार टाकतो. एकट्याने टाकली तर काही होत नाही, एकाच दिवशी आठ-दहा जणांनी टाकली की गाडी येते, हा आमचा अनुभव. धानोरी, कळस, लोहगाव, विमाननगर, वाघोली, खराडी या भागात जे कोणी हे वाचत असाल, तुमच्या आसपास घारी गोल फिरताना दिसल्या तर त्यांच्या खाली काय पडलंय ते एकदा जाऊन बघा आणि खाली कमेंटमध्ये जागा लिहा, आम्ही आमच्याकडच्या सगळ्या जागांची यादी करतोय, ती एकत्र करून वॉर्ड ऑफिसला द्यायची आहे.