दुसरे औषधही लागू पडले नाही तेव्हा

ओसीडीमुळे, म्हणजे मनात येणाऱ्या भीतीपोटी तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या आजारामुळे, आमच्या १५ वर्षांच्या मुलाचे हात धुऊन धुऊन भेगाळले होते. इंदिरानगरच्या घरात साबणाची वडी चार दिवसही पुरत नसे. सर्ट्रालिन आणि नंतर फ्लुओक्सेटिन ही या आजारावरची नेहमीची औषधे, दोन्ही पुरेशा मात्रेत प्रत्येकी १२ आठवडे देऊनही फरक पडला नाही, तेव्हा गंगापूर रोडवरच्या डॉक्टरांनी क्लोमिप्रामिनचा पर्याय मांडला. हे जुने औषध हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करू शकत असल्याने आधी ईसीजी काढावा लागतो. दुसरा मार्ग चालू गोळीला अल्प मात्रेत अ‍ॅरिपिप्राझोल किंवा रिस्पेरिडोन या दुसऱ्या गटातील मनोविकारावरच्या औषधाची जोड देण्याचा, मात्र त्यात वजन आणि रक्तातील साखर तपासत राहावे लागते. (घरात मधुमेह असल्याने मी तिथेच अडखळलो.) भीती सोसूनही हात न धुण्याचा सराव गोळ्यांसोबत चालूच ठेवायचा असतो, आणि आमच्याकडून नेमका तोच सुटला होता.