बफ नको, वॉटर पेपर आण

काकांनी दोन जुने स्विस चाकू माझ्यासमोर ठेवले. "बघ, काही होतंय का." एक मोठा, 91 मिलिमीटरचा, दुसरा किल्ल्यांच्या जुडग्यातला, 58 चा. पाती धडधाकट, पण लाल मुठी घासून घासून पांढुरक्या झालेल्या.

कोल्हापुरात राहायचं म्हटल्यावर पहिली धाव कारखान्यांच्या उद्यमनगरात. मित्राच्या वर्कशॉपमध्ये मोठ्याची मूठ बफवर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या कापडी चाकावर टेकवली, आणि दोन सेकंदांत कोपरा मऊ होऊन दबला. ही मूठ सेलिडोरची, म्हणजे सेल्युलोजपासून केलेल्या प्लॅस्टिकची. उष्णता तिला सोसत नाही. "भावा, ह्ये हातानंच कर," म्हणत मित्रानं मशीन बंद केलं.

मग लक्ष्मीपुरीतून 800, 1000, 1500 आणि 2000 नंबरचे वॉटर पेपर आणले, म्हणजे पाण्यात भिजवून घासायचे पॉलिश पेपर, गाड्यांचे पेंटर वापरतात तेच. नंबर मोठा तितका पेपर बारीक. पाती मिटलेली ठेवायची आणि ओरखड्यावरून नख फिरवायचं. नख अडकलं तर 800, नाहीतर सरळ 1000. वाटीभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब टाकला. एका पेपरानं उभं घासलं की पुढच्यानं आडवं घासायचं. आधीच्या रेघा गेल्या का, ते लगेच दिसतं. वाटीतलं पाणी लाल झालेलं बघून आईनं विचारलं, "कुंकू कालवलंस का रे?"

2000 झाल्यावर मूठ आधीपेक्षा मंद दिसते. इथं धीर सुटतो, माझाही सुटला होता. पण जुन्या बनियनच्या तुकड्यावर ब्रासो घेऊन प्रत्येक बाजू दहा मिनिटं चोळली आणि आतून रंग वर आल्यासारखा झाला. भावानं नेलपॉलिश रिमूव्हर सुचवला होता, ते मात्र करू नका; त्यातलं अ‍ॅसिटोन हे प्लॅस्टिक विरघळवतं. बफनं दबलेला कोपरा पूर्ण गेला नाही. आणखी घासलं असतं तर मुठीची गोलाईच गेली असती, म्हणून तसाच सोडला. शेवटी साबणाच्या पाण्यानं धुऊन, पुसून सांध्यात तेलाचा एक थेंब.

खरी फजिती छोट्यानं केली. मोठ्यावरचं ढाल-क्रॉसचं चिन्ह धातूचं, मुठीत बसवलेलं. छोट्यावरचं नुसतं छापलेलं, हे मला चार हात फिरवल्यावर कळलं.

काकांनी मोठा उजेडात धरून बघितला, खूश झाले. मग छोटा हातात घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"ह्याचा क्रॉस कुठं गेला?"