गटात सामील की नवी आघाडी?

पालिकेचे निकाल लागले की जळगावच्या जिल्हाधिकारी कार्यालयात गटनोंदणीची, म्हणजे निवडून आलेल्यांचे पक्ष-आघाडीनुसार गट नोंदवण्याची, धांदल उडते. हे कागद आम्ही वकील मंडळी करून देतो. त्या दिवशी दहा नगरसेवक आले, सहा एका शहर विकास आघाडीचे आणि चार अपक्ष. अर्ज घरूनच टाइप करून आणलेला: ‘आम्ही चौघे अपक्ष शहर विकास आघाडीच्या गटात सामील होत आहोत.’ मी तो बाजूला सारला तसे त्यांच्यातले आप्पा वैतागले. “गट काय नि आघाडी काय, एकच शे ना भो?”

पारावर एकच. पण महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, 1986 च्या कलम 3 नुसार अपक्ष निवडून आलेला सदस्य नंतर कुठल्या पक्षात किंवा आघाडीत शिरला की अपात्र ठरतो. गट म्हणजे त्या-त्या पक्षाच्या किंवा आघाडीच्या तिकिटावर आलेल्यांचाच. त्यात ‘सामील’ लिहिलं की विरोधकांना वेगळा पुरावा शोधायला नको, सही चौघांचीच.

वाट नगरपरिषद अधिनियमाच्या कलम 63 मध्ये आहे. निकाल अधिसूचित झाल्यापासून एक महिन्याच्या आत सगळ्यांनी मिळून नवी आघाडी स्थापन करायची आणि नोंदवायची. मग ती निवडणूकपूर्व आघाडीसारखीच धरली जाते. मुदत मोजायची ती अधिसूचनेच्या तारखेपासून. बरेच जण गुलालाच्या दिवसापासून मोजतात. नवा अर्ज केला: वेगळं नाव, दहाही जणांच्या सह्यांसाठी जागा, गटनेत्याच्या निवडीचा ठराव.

एवढा खटाटोप समित्यांसाठी, कारण तिथल्या जागा संख्याबळाच्या प्रमाणात वाटतात. सभागृह 24 चं, समिती 9 जागांची धरा. सहा जणांचा वाटा 2.25, एकट्या अपक्षाचा 0.375. दहा एकत्र आले की 3.75, म्हणजे तीन जागा पक्क्या आणि चौथीवर दावा. स्वीकृत, म्हणजे न निवडता नेमल्या जाणाऱ्या, सदस्यांच्या वेळीही हेच संख्याबळ बघतात.

सही करण्याआधी अपक्षांना एक गोष्ट बजावावीच लागते, कारण ती त्यांना कुणी सांगत नाही: नोंदणीनंतर आघाडीचा व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा आदेश, त्यांनाही लागू. विरोधात मत दिलं, किंवा गैरहजर राहिलात, आणि पंधरा दिवसांत आघाडीनं ते माफ केलं नाही, तर जिल्हाधिकाऱ्यांसमोर अपात्रतेचा अर्ज. चौघांतले दोघं हे ऐकून बाहेर व्हरांड्यात गेले, बराच वेळ फोनवर बोलले. मग एकानं सही केली. दुसरा म्हणाला, आपण बाहेरूनच पाठिंबा देऊ. अर्ज नऊ जणांचा झाला, वाटा 3.375 वर आला.