तिची वही
आज कोर्टात ताबा आणि पोटगीची तारीख होती. बाहेरच्या बाकावर लेक माझ्या पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत बसली होती. मध्येच म्हणाली, "बाबांकडे जाताना चित्रांची वही नेऊ ना गं?" पोटात कालवलं. परवाच मी रागाने बोलून बसले होते, पैसे थकले की भेट बंद. वकीलबाईंनी समजावलं, पोटगी लेकराची आणि भेटही लेकराचीच, एकीसाठी दुसरी अडवायची नाही. थकलेली रक्कम कोर्टाकडून वसूल करून मागायची. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराच्या कलम ९ मध्येही दोन्ही पालकांशी नियमित संपर्क हा मुलाचा हक्क मानलाय. फी, औषधपाण्याच्या पावत्या जोडल्या. घरी येऊन वही तिच्या बॅगेत ठेवली, रंगीत खडूंचा डबाही.