तिला कशाला त्रास?

आज ऑफिसात नव्या प्रकल्पाची कामं वाटली जात होती. आमची एक सहकारी व्हीलचेअर वापरते. क्लायंटकडे जा-ये करावी लागणार म्हटल्यावर कुणीतरी म्हणालं, "तिला कशाला त्रास?" आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. ती तिथेच, टेबलाच्या पलीकडे बसलेली! तिनं लॅपटॉप मिटला आणि विचारलं, "हे मला विचारून ठरवलंत का?"

बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला माहीत आहे. पण उघड हेटाळणीची निदान तक्रार तरी करता येते. या काळजीचं काय करायचं? आज काम द्यायचं नाही आणि उद्या बढतीच्या वेळी "अनुभव कमी पडतो" म्हणायचं. माणूस असाच मागे पडत जातो, आणि आपल्याला वाटतं आपण चांगलंच वागलो.

अपंग व्यक्तींच्या हक्कांबाबत संयुक्त राष्ट्रांचा २००६चा करार आहे. गरजेच्या वाजवी सोयी नाकारणं हासुद्धा भेदभावच, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. आणि तिला सोय तरी काय हवी होती? क्लायंटच्या इमारतीत लिफ्ट आहे का, स्वच्छतागृहाचं दार पुरेसं रुंद आहे का, एवढंच आधी कळायला हवं होतं. एका फोनवर कळलं. दोन्ही आहे.

(आणि हो, न विचारता मागून कुणाची व्हीलचेअर ढकलू नका. फार राग येतो, तिनंच सांगितलंय.)

काम तिनं घेतलंय. पहिल्या भेटीची तयारी आजच सुरू केली.