ओढू नका

"अहो ताई, ओढू नका त्यांना. तुमचा पाय त्यांच्या पावलासमोर आडवा ठेवा."

आज पुण्यात पार्किन्सन्स (कंपवात) मित्रमंडळाच्या सभेला गेलो आणि हॉलच्या दारातच ह्यांची पावलं जमिनीला चिकटली. मागे माणसं खोळंबलेली. मी नेहमीप्रमाणे ह्यांचा दंड धरून ओढायला लागले, तेवढ्यात मागून एक काकू हे म्हणाल्या. त्यांच्या यजमानांनाही बारा वर्षं पार्किन्सन्स आहे.

मी पाय आडवा ठेवला. ह्यांनी खाली पाहिलं आणि अख्खं पाऊल उचलून तो ओलांडला! पुढची पावलं आपोआप पडली.

मेंदूतलं डोपामिन हे रसायन कमी झालं की सवयीचं चालणंच अडतं, पण डोळ्यांसमोर ओलांडायला काही दिसलं तर मेंदू दुसरी वाट काढतो, असं काकूंनी समजावलं. गोळ्यांच्या वेळा मला तोंडपाठ आहेत. हे मात्र कधी कुणी सांगितलं नव्हतं. दोन वर्षं मी "चला ना हो" म्हणत ओढतेच आहे.

घरी येऊन बाथरूमच्या दाराशी लाल चिकटपट्टीच्या तीन रेघा मारल्या. हे बघत होते. हळूच म्हणाले, "दंड दुखायचा गं. पण तू दमलेली असायचीस, म्हणून बोललो नाही."

तुमच्या घरी अशी कुठली युक्ती चालते? सांगाल?