फेब्रुवारीची आफ्रिका सफारी: मुक्काम न्दुतूतच टाका

फेब्रुवारीच्या सहलीच्या जाहिरातीत नदी ओलांडणाऱ्या विल्डेबीस्टचा, म्हणजे गाई-बैलासारख्या दिसणाऱ्या आफ्रिकी हरणांचा, फोटो असेल, तर ती जाहिरात बाजूला ठेवलेली बरी. मारा नदीतल्या मगरी आणि काठावरून धडाधड उड्या टाकणारे कळप हा देखावा साधारण जुलै ते ऑक्टोबरचा, केनियाच्या सीमेलगतचा. फेब्रुवारीत तेच कळप तिथून दीडशेहून अधिक किलोमीटर दक्षिणेला, टांझानियात न्दुतूच्या माळावर असतात. आणि तिथे ते व्यायला आलेले असतात.

सुमारे तेरा लाख विल्डेबीस्टमधल्या बहुतेक माद्या दोन-तीन आठवड्यांच्या अवधीत व्यातात. एकदम इतकी वासरं जन्माला आली की सिंह, तरस, चित्ते यांनी कितीही खाल्ली तरी पुष्कळ उरतात. जागाही उगाच निवडलेली नाही. जुन्या ज्वालामुखींच्या राखेमुळे इथल्या गवतात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर, म्हणजे दुभत्या जनावराला हवं तेच. त्याच राखेचा खाली कडक थर झालाय, त्यात झाडांची मुळं शिरत नाहीत. म्हणून माळ उघडा आणि गवत जेमतेम घोट्याएवढं. शिकारी लांबून दिसतो. विल्डेबीस्टलाही आणि आपल्यालाही.

तारखा निवडायच्या तर 5 ते 25 फेब्रुवारीच्या मधल्या घ्या. वीण जानेवारीच्या अखेरीस सुरू होऊन मार्चच्या सुरुवातीपर्यंत चालते, पण ऐन भर मधला असतो. घरात बारावीचं मूल असेल तर हा महिना विसरा. दहावीवाल्यांनी 26 जानेवारीला जोडून जायला हरकत नाही, वासरं थोडी कमी दिसतील एवढंच. तंबूंच्या चांगल्या जागा आठ-दहा महिने आधी भरतात, त्यामुळे दिवाळीत चौकशी सुरू केली तर उरलंसुरलं मिळतं.

आता मुख्य मुद्दा मुक्कामाचा. ‘सेरेंगेटीत 3 रात्री’ या शब्दांना तसा काहीच अर्थ नाही. हे टांझानियातलं राष्ट्रीय उद्यान 14,763 चौरस किलोमीटरचं आहे. सेरोनेरा या मधल्या भागात राहिलात, तर न्दुतू गाठायलाच अडीच-तीन तास जातात आणि तेवढेच परतायला. बरेच तंबू-कॅम्प फिरते असतात: डिसेंबर ते मार्च दक्षिणेत, जुलैपासून उत्तरेत कोगातेंडेकडे. नाव एकच, जागा दोन. म्हणून एजंटाला कॅम्पचं नाव विचारून भागत नाही. तुमच्या तारखांना तो कॅम्प नकाशावर नेमका कुठे असेल, त्याची खूण मागा. ती न्दुतू किंवा मासेक तळ्याच्या आसपास पडली पाहिजे. न्दुतूत किमान तीन रात्री, जमल्यास चार. त्यापेक्षा कमी असतील तर या महिन्याचा अट्टहास करू नका.

इथे एक सरकारी गंमत आहे. न्दुतूचा बराच भाग गोरोंगोरो संरक्षित क्षेत्रात येतो आणि लगेच पलीकडे सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान सुरू होतं. मध्ये कुंपण नाही, विल्डेबीस्टना तर पत्ताच नाही. पण नियम वेगळे. गोरोंगोरोच्या बाजूला गाडी रस्ता सोडून माळावर नेता येते; उद्यानाच्या हद्दीत रस्ता सोडला तर दंड. प्रवेश शुल्कही दोन्हीकडचं वेगळं, माणशी आणि 24 तासांच्या हिशेबाने. कळप उद्यानाच्या हद्दीत सरकले असतील, तर त्या दिवसाचं उद्यानाचं शुल्क वेगळं भरावं लागतं. ते पॅकेजमध्ये धरलंय का, हे आधीच लेखी विचारा, नाहीतर ‘आज इथूनच बघू या’ असं ऐकायला मिळतं. परतीच्या दिवशी 24 तासांची वेळ उलटली की आणखी एका दिवसाचे पैसे पडतात. ड्रायव्हर शेवटच्या सकाळी घाई करतो ती यासाठी.

कळप आज इथे आणि उद्या तीस किलोमीटरवर, असं होतंच. सगळा खेळ पावसाचा. ताजी सर पडली की माळावर लुसलुशीत गवत येतं आणि कळप उघड्यावर पसरतात. आठ-दहा दिवस कोरडे गेले की झाडोऱ्याकडे, पाण्याकडे सरकतात. फेब्रुवारी हा दोन पावसाळ्यांच्या मधला काळ असला तरी दुपारी एखादी जोराची सर येतेच. दलदलीच्या कडेला माती काळी, अगदी आपल्या कपाशीच्या रानातली. ओली झाली की चाकांना चिकटून टायर गुळगुळीत होतात आणि गाडी जागेवर रुतते. त्यामुळे दोन गाड्यांचा ग्रुप असेल तर फार लांब-लांब पांगू नये आणि टोचनदोर दोन्हीकडे असावा.

गाडी छत वर उचलणारी लँड क्रूझर घ्या. सात जागा असतात, पण सात माणसं बसवली की दोघा-तिघांना सिंहाऐवजी सहप्रवाशाचा कान दिसतो. चार, फार तर पाच.

दिनक्रमात बहुतेकांची चूक एकच होते: पहाटे निघायचं आणि दहाला न्याहारीसाठी कॅम्पवर परत. वीण मुख्यतः सकाळीच, दुपारच्या आधी होते. डबा बरोबर घ्या आणि दुपारपर्यंत माळावरच थांबा. दुर्बिणीने कळपाच्या कडेची एखादी मादी शोधायची, जी बसते, उठते, गोल फिरते, पुन्हा बसते. शेपटीखाली दोन पांढुरके खूर दिसले की गाडी होती तिथेच उभी करून इंजिन बंद. फार जवळ गेलात तर ती उठून चालू लागते. वासराचं डोकं बाहेर येईपर्यंत ती व्याणं थांबवून पळूही शकते. वासरू जमिनीवर पडतं, ओलं, फिक्या तपकिरी रंगाचं. पाय फाकवून उठतं, तोंडावर पडतं, पुन्हा उठतं. बहुतेकदा दहा मिनिटांच्या आत चारही पायांवर असतं आणि थोड्याच वेळात आईमागे धावतं. ही पहिली मिनिटं फार नाजूक. नवजात वासरू समोर जे हलेल त्याच्या मागे लागतं, गाडीच्याही. आई आणि वासरू यांच्या मध्ये गाडी घातली आणि ताटातूट झाली, तर ते तरसाच्या तोंडी गेलंच म्हणून समजा. ‘जरा पुढे घ्या ना’ हे वाक्य त्या वेळी गिळायचं.

उरलेला मार्ग सोपा आहे. किलिमांजारो विमानतळावर उतरून अरुशात रात्र. दुसऱ्या दिवशी तीनेक तासांवर करातू. लोदुआरे या गोरोंगोरोच्या प्रवेशनाक्यापाशी डांबर संपतं आणि पुढे न्दुतूपर्यंत हाडं खिळखिळी करणारा रस्ता. न्दुतू उरकून सेरोनेरात एक-दोन रात्री, बिबळ्यासाठी. परतताना गोरोंगोरो विवर: तळाशी जवळजवळ 260 चौरस किलोमीटरचं मैदान, आणि उतरायला गाडीमागे वेगळं, भरभक्कम शुल्क. विवराच्या कडेची उंची 2,200 मीटरच्या वर आहे, सकाळी खरंच थंडी वाजते, स्वेटर हवाच. तरंगिरे राष्ट्रीय उद्यान मात्र फेब्रुवारीत गाळा. प्रत्येक पॅकेजमध्ये ते असतं, पण तिथले हत्तींचे मोठे कळप कोरड्या मोसमात, जून ते ऑक्टोबर, नदीकाठी जमतात. आत्ता ते पांगलेले असतात. उरतात त्या चावऱ्या त्सेत्से माशा. त्यांना निळा आणि काळा रंग आवडतो, म्हणून जीन्स घरी ठेवा.

सामान मऊ बॅगेत. छोट्या विमानाने जाणार असाल तर 15 किलोची मर्यादा, त्यात कॅमेराही आला. कॅमेऱ्यासाठी ट्रायपॉड नको, गाडीत उघडायला जागाच नसते. जाड कापडाची पिशवी घरून शिवून न्या आणि अरुशात दोन-तीन किलो तांदूळ घेऊन भरा. छताच्या कडेवर ती ठेवली की लेन्स हलत नाही. राखेची धूळ पिठासारखी बारीक असते, माळावर लेन्स बदलायची नाही. प्लग इंग्लंडसारखे चौकोनी तीन पिनांचे, आपले बसत नाहीत.

टांझानियात 1 जून 2019 पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे. चिवडा, लाडू डब्यांतून न्या. शाकाहारी असाल तर ‘अंडंही नाही’ हे बुकिंगच्या वेळीच लिहून कळवा, कारण न्याहारीच्या डब्यात उकडलेलं अंडं हमखास येतं. पोटाची काळजी नको. तिथेही चपातीला चपातीच म्हणतात, आणि बरोबर राजम्यासारखी ‘महारागे’ची उसळ मिळते.

मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या आणि पूर्ण करा. डॉक्सिसायक्लिन असेल तर परतल्यावरही चार आठवडे चालू ठेवावी लागते. घरी आल्यावर लोक ती सोडतात, तिथेच घोळ होतो.

टांझानियाचा व्हिसा ऑनलाइन मिळतो. केनियाही जोडणार असाल तर पूर्व आफ्रिकेच्या संयुक्त व्हिसावर भिस्त ठेवू नका. त्यात केनिया, युगांडा, रवांडा आहेत, टांझानिया नाही. केनियात पाऊल टाकलं की पिवळ्या तापाची लस लागते, टांझानियात शिरतानाही आणि भारतात परततानाही. ती फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते आणि दाखला टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतो. साठीच्या पुढच्यांनी आणि अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. या दाखल्याचं पिवळं कार्ड पासपोर्टच्या कव्हरातच ठेवा. चेक-इनच्या बॅगेत गेलं, तर मुंबईत आरोग्य तपासणीच्या टेबलाशी ते दाखवता येणार नाही; ते टेबल इमिग्रेशनच्या आधी येतं आणि बॅग इमिग्रेशनच्या पलीकडे पट्ट्यावर फिरत असते.